जुनं नाणं म्हणजे लाखाचं नाणं? दुर्मीळपणा आणि दर्जा यांचे गुण कसे लागतात, समजून घ्या

कोल्हापूर : नांगरटीत ढेकळाबरोबर शिवराई वर आली किंवा आजीच्या ट्रंकेत राणीछाप रुपया सापडला, की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘याचे किती येतील?’ मोबाईलवर उत्तर तयारच असतं. कुणी पाच लाख सांगतो, कुणी दहा लाख. पण नाण्याचं मोल नुसत्या वयावर ठरत नाही. संग्राहक दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहतात : नाणं किती दुर्मीळ आहे आणि त्याची अवस्था, म्हणजे दर्जा, काय आहे.

दर्जा : १ ते ७०

दर्जासाठी जगभर १ ते ७० ही मोजपट्टी वापरली जाते. अमेरिकेतील विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये मांडली. ओळख पटण्यापुरतीच अक्षरं उरलेलं, पार झिजलेलं नाणं १ वर. ६० च्या पुढे म्हणजे व्यवहारात न झिजलेलं, आणि ७० म्हणजे भिंगाखालीही डाग-ओरखडा नाही. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन संस्था नाणी तपासून असा आकडा देतात.

दुर्मीळपणा : वजन १ ते १०

याच संस्था संग्राहकांच्या संचांची स्पर्धात्मक नोंदवही चालवतात. पीसीजीएसच्या पद्धतीत संचातील प्रत्येक नाण्याला दुर्मीळपणानुसार १ ते १० असं वजन असतं. दर्जाला वजनाने गुणायचं, सगळ्या नाण्यांची बेरीज करायची आणि एकूण वजनाने भागायचं.

उदाहरणादाखल तीन नाण्यांचा संच घेऊ. पहिलं नाणं दर्जा ६६, वजन १. दुसरं दर्जा ६४, वजन २. तिसरं झिजलेलं पण दुर्मीळ, दर्जा ४०, वजन १०. बेरीज ६६ + १२८ + ४०० = ५९४. एकूण वजन १३, म्हणून गुण ४५.६९.

आता पहिलं, सर्रास मिळणारं नाणं बदलून ६८ दर्जाचं आणलं, तर गुण जेमतेम ४५.८५ होतात. पण दुर्मीळ नाणं ४० ऐवजी ४५ दर्जाचं मिळालं, तर ४९.५४! आणि ते दुर्मीळ नाणं संचात नसेलच, तर गुण थेट १४.९२ वर येतात. नाण्याच्या बाजारभावाला असं एक ठरलेलं सूत्र नाही. पण तिथेही या दोन्ही बाजू पाहिल्या जातात.

आपल्याकडची नाणी

शिवराई छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झाली आणि पुढे पेशवाईतही पाडली जात राहिली. त्यामुळे उत्तरकाळातल्या शिवराया आजही भरपूर मिळतात. आपल्यासाठी त्या अनमोल, पण दुर्मीळपणाचं वजन कमीच. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं पूर्ण वाचता आली, तर मात्र फरक पडतो.

उलट १९११ चा पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया. राजाच्या वस्त्रावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि सरकारने लाखो नाणी परत घेऊन वितळवली. म्हणून १९१२ च्या रुपयापेक्षा त्याला मागणी जास्त. १९३९ सालचा रुपयाही तसाच दुर्मीळ. त्याच्या नकलाही फिरतात. २०१२ च्या वैष्णोदेवीच्या ५ रुपयांच्या नाण्याचे मात्र ‘लाखो मिळतात’ हा निव्वळ बनाव. ते चलनातलंच नाणं आहे.

चिंच लावू नका

नाणं सापडलं की चिंच, लिंबू किंवा राखेने घासून लख्ख करायची आपली सवय. इथेच घात होतो. घासलेल्या नाण्याला तपासणी संस्था आकड्यातला दर्जा देत नाहीत, ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात. गेलेला पृष्ठभाग परत येत नाही. नाणं कडेला धरा आणि कोऱ्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

कायदा काय सांगतो?

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, १० रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवल्यास शिक्षा आहे. कळवल्यास सापडणाऱ्याच्या हक्काचीही तरतूद आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही. म्हणजे ‘शिवराई अमेरिकेत तपासून आणतो’ म्हणणाऱ्यापासून लांबच राहा.

कळवण्याने इतिहासही वाचतो. कोल्हापुरातील ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, तेव्हा सातवाहन काळातल्या वस्तीचा मागोवा घ्यायला नाण्यांचाच आधार मिळाला. नाणं कुठे, किती खोल आणि कशासोबत मिळालं, हे लिहून ठेवणं म्हणूनच महत्त्वाचं.

आधी पैसे मागितले की समजा...

‘नाणं विकून देतो, आधी नोंदणी फी भरा’ असा फोन आला, तर तो फसवणुकीचाच. आपलं नाव वापरून असे पैसे उकळले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिला होता. बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि कमिशनही मागत नाही. नाणं लाखाचं असो वा शंभराचं, ते विकण्यासाठी आधी खिशातून एक रुपयाही देऊ नका.