परिषद केंद्राच्या माथ्यावर सहा एकरांचे कुरण

कॅनडातील व्हँकुव्हर शहराच्या बंदरावर २००९ साली परिषद केंद्राची नवी पश्चिम इमारत खुली झाली. तिच्या उतरत्या छतावर सहा एकरांचे कुरण असून त्यात स्थानिक गवते आणि झुडपे अशी चार लाखांहून अधिक रोपे लावण्यात आली. छायाचित्रांत ते शोभेचे वाटते. प्रत्यक्षात ते इमारतीच्या यंत्रणेचाच भाग आहे.

व्हँकुव्हरचा पाऊस मुख्यतः हिवाळ्यातला. उन्हाळा कोरडा जातो आणि नेमके तेव्हाच गवताला पाणी लागते. त्यासाठी स्वच्छतागृहांतील सांडपाण्यावर इमारतीतच प्रक्रिया होते. शुद्ध झालेले पाणी शौचालयांत पुन्हा वापरले जाते आणि उन्हाळ्यात छतावर शिंपले जाते. पाण्याचा भरपूर वापर असलेल्या अशा वास्तूत ही योजना काचेच्या भिंतींहून अधिक महत्त्वाची म्हणावी लागेल. माती व रोपांचा थर उन्हाळ्यात उष्णता अडवतो, हिवाळ्यात आतली ऊब टिकवतो. बंदरातील पाण्याच्या तापमानात हवेइतका चढउतार होत नसल्याने दालने थंड वा उबदार ठेवण्यासाठी त्याचाच आधार घेतला जातो.

इमारतीचा मोठा भाग पाण्यात रोवलेल्या खांबांवर उभा आहे. अशा बांधकामाने किनाऱ्यालगतच्या जलचरांची जागा हिरावली जाते. म्हणून पायाभोवती भरती-ओहोटीच्या पट्ट्यात पायऱ्यांसारख्या काँक्रीटच्या चौकटी बसवण्यात आल्या. त्यांवर समुद्री शेवाळ, शिंपले, खेकडे यांनी आपले बस्तान बसवले आहे.

हे सारे स्वस्तात झाले नाही. ४९.५ कोटी डॉलरचा मूळ अंदाज अखेर सुमारे ८८.३ कोटींवर गेला आणि जनतेच्या पैशावरून टीकाही झाली. पर्यावरणपूरक बांधकामासाठीचे ‘लीड प्लॅटिनम’ मानांकन मिळवणारे हे जगातील पहिले परिषद केंद्र ठरले, हेही तितकेच खरे.

ज्यांच्या करातून ते उभे राहिले, त्या नागरिकांना मात्र छतावर फिरता येत नाही. त्यांच्यासाठी खाली चौक आणि किनाऱ्यालगतची पायवाट आहे. वरची जागा पक्षी, कीटक आणि मधमाश्यांसाठी राखलेली. तेथील पेट्यांतला मध केंद्राच्याच स्वयंपाकघरात जातो.