शंका नोंदवण्याची शिस्त

सॉफ्टवेअर सल्लागार ज्या संस्थेसाठी काम करतो त्या संस्थेचा तो नोकर नसतो, आणि त्याच्या कामाच्या पद्धतीवर या एका गोष्टीचा जितका परिणाम होतो तितका त्याच्या तांत्रिक ज्ञानाचाही होत नाही. एखादी बँक, विमा कंपनी किंवा कारखाना आपली संगणकीय यंत्रणा उभारण्यासाठी वा बदलण्यासाठी बाहेरच्या तज्ज्ञांना काही महिन्यांपुरते बोलावतो. या तज्ज्ञांना ग्राहकाच्या व्यवसायातले अलिखित संकेत ठाऊक नसतात, ग्राहकाला त्यांची तांत्रिक परिभाषा समजत नाही, आणि काम संपले की तज्ज्ञ निघून जातात, यंत्रणा मात्र मागे राहते. त्यामुळे सल्लागाराने लिहिलेल्या प्रोग्रामइतकेच महत्त्व त्याने वेळेवर विचारलेल्या प्रश्नांना, नोंदवलेल्या शंकांना आणि लिहून ठेवलेल्या निर्णयांना असते. पुण्यामुंबईतील असंख्य अभियंते आज हेच काम करून उपजीविका करतात. तरीही त्यांच्या शिक्षणात संवाद म्हणजे मुलाखतीपुरते सफाईदार इंग्रजी, अशीच समजूत रूढ आहे, आणि ती या व्यवसायाला फार महागात पडणारी समजूत आहे.

किती महागात, याचे अधिकृत चौकशीने तपशीलवार नोंदवलेले उदाहरण म्हणजे ‘नासा’चे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान. ११ डिसेंबर १९९८ रोजी मंगळाकडे झेपावलेले हे यान लॉकहीड मार्टिन या कंत्राटदार कंपनीने बांधले होते, आणि त्याच्या मार्गनिर्देशनाचे, म्हणजे ते अवकाशात नेमके कुठे आहे व कुठे चालले आहे हे ठरवण्याचे काम कॅलिफोर्नियातील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील गटाकडे होते. प्रवासात यानाची दिशा स्थिर ठेवण्यासाठी त्यावरील छोटे थ्रस्टर अधूनमधून चालवावे लागत, आणि प्रत्येक वेळी यानाला किती रेटा मिळाला याचे आकडे कंत्राटदाराचा एक प्रोग्राम तयार करून देत असे. दोन्ही बाजूंनी मान्य केलेल्या लेखी विनिर्देशानुसार हे आकडे न्यूटन-सेकंद या मेट्रिक एककात हवे होते, पण तो प्रोग्राम ते पाउंड-सेकंद या इंग्रजी एककात देत राहिला. दोन एककांत सुमारे ४.४५ पटींचा फरक असल्याने लहान लहान चुका नऊ महिने साचत गेल्या, आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी जे यान मंगळाच्या पृष्ठभागापासून सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायला हवे होते ते सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली उतरून कायमचे नाहीसे झाले.

ही हकीकत बहुतेक ठिकाणी इथेच संपवली जाते आणि एककांची गफलत एवढाच बोध तिच्यातून काढला जातो. चौकशी मंडळाच्या अहवालातील अधिक मोलाचा भाग त्यापुढचा आहे. मार्गनिर्देशन करणाऱ्यांना आकड्यांत विसंगती असल्याचे यान नष्ट होण्यापूर्वीच जाणवले होते. मात्र अशा शंका नोंदवण्यासाठी प्रकल्पात जी औपचारिक पद्धत होती तिचा अवलंब झाला नाही, आणि विषय ईमेल व तोंडी चर्चेच्या पातळीवर राहिला. यानाच्या रचनेविषयीची काही महत्त्वाची माहितीही या गटापर्यंत पोहोचलेली नव्हती. म्हणजे चूक एका प्रोग्रामरच्या हातून झाली असली तरी ती पकडण्याची संधी पुढे कितीतरी महिने उपलब्ध होती, आणि ती हुकली याचे कारण तांत्रिक अज्ञान नव्हे. शंका होती, ती बोललीही गेली. परंतु जिथे कोणाला तरी तिचे उत्तर देणे भागच पडले असते अशा जागी ती लिहिली गेली नाही.

सॉफ्टवेअर व्यवसायात अशी जागा म्हणजे ‘टिकेट’. टिकेट म्हणजे एका समस्येची वा कामाची स्वतंत्र नोंद, जिला क्रमांक असतो, जबाबदार व्यक्तीचे नाव असते, आणि जी उत्तर मिळेपर्यंत उघडी राहते. ईमेल दहा जणांना जातो आणि दहाही जण उत्तर दुसरा कोणी देईल असे गृहीत धरू शकतात. टिकेटवर एकच नाव असते, त्यामुळे तसे गृहीत धरण्याला जागा उरत नाही. फोनवर किंवा चहाच्या टपरीवर ठरलेली गोष्ट त्याच दिवशी टिकेटमध्ये उतरवणे ही सवय वरवर कारकुनी वाटते, पण अनुभवी आणि नवख्या सल्लागारांतला फरक जर कुठे चटकन ओळखू येत असेल तर तो इथेच.

माणसे वाढली की संवादाचे ओझे त्याहून वेगाने वाढते, हे फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात मांडले. आयबीएमच्या ओएस/३६० या प्रचंड प्रणालीच्या निर्मितीचे नेतृत्व केलेल्या ब्रुक्स यांचा निष्कर्ष असा, की रखडलेल्या प्रकल्पावर आणखी माणसे लावली तर तो आणखी रखडतो, कारण नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि परस्परांशी बोलावे लागणाऱ्या जोड्यांची संख्या झपाट्याने फुगते: पाच जणांत अशा दहा जोड्या होतात, दहा जणांत ४५ आणि वीस जणांत १९०. त्याआधी, १९६८ साली, मेल्विन कॉनवे यांनी आणखी मूलभूत निरीक्षण नोंदवले होते. एखाद्या संस्थेतील विभाग एकमेकांशी जसे बोलतात तशीच रचना त्या संस्थेने घडवलेल्या प्रणालीत उतरते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि म्हणून ज्या दोन गटांचे आपसात पटत नाही त्या गटांनी लिहिलेले दोन भाग जिथे जुळतात त्या सांध्यात दोष सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते. नव्या प्रकल्पावर गेलेल्या सल्लागाराने प्रोग्राम वाचायला घेण्यापूर्वी कोणता विभाग कोणाशी बोलत नाही हे समजून घेतले, तर त्याचे निम्मे निदान तिथेच होते.

महाराष्ट्रातील सल्लागारांच्या बाबतीत या सांध्यांत अंतराची आणि वेळेची भर पडते. ग्राहकाच्या कचेरीत जाऊन बसणारा ‘ऑनसाइट’ गट न्यूयॉर्कला आणि उरलेला ‘ऑफशोअर’ गट हिंजवडीला, अशी विभागणी सर्रास असते. उन्हाळ्यात दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत साडेनऊ तासांचा आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक पडतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाबतीत तो साडेबारा ते साडेतेरा तासांवर जातो. दोघांच्या जागेपणाचा सामायिक वेळ फार थोडा असल्यामुळे संध्याकाळी पाठवलेला प्रश्न संदिग्ध असेल तर दुसऱ्या दिवशी उत्तराऐवजी उलट प्रश्न हाती येतो आणि एक पूर्ण दिवस वाया जातो. ‘रिपोर्ट चालत नाही, कृपया पाहावे’ हे वाक्य अशा व्यवस्थेत निरुपयोगी असते. कोणता रिपोर्ट, कोणत्या तारखेच्या माहितीवर, काय अपेक्षित होते, काय दिसले, आतापर्यंत काय करून पाहिले आणि उत्तर न मिळाल्यास उद्या कोणते गृहीतक धरून काम पुढे नेले जाईल, एवढे सगळे एका संदेशात मावले पाहिजे. यातले शेवटचे कलम सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे, कारण त्यामुळे काम थांबत नाही आणि गृहीतक चुकीचे असेल तर ते खोडून काढण्याची जबाबदारी ग्राहकावर स्पष्टपणे येते. तारखेसारख्या क्षुल्लक गोष्टीतही हीच दक्षता लागते: ५/६ हे भारतीय वाचकाला पाच जून वाटते, अमेरिकन वाचकाला सहा मे; म्हणून महिना अक्षरात लिहिणे आणि वेळेपुढे ती कोणत्या शहराची हे नमूद करणे यात कमीपणा नाही.

लेखनाहून कठीण भाग अप्रिय गोष्ट सांगण्याचा आहे. ग्राहकाला आणि वरिष्ठाला तोंडावर नकार देऊ नये हा संस्कार घरातून आणि शाळेतून पक्का झालेला असतो, आणि अनेक भारतीय गटांत कॉलवर कोणी काही बोलले नाही तर ते शांत बसणे आदराचे मानले जाते. पलीकडचा अमेरिकन वा डच ग्राहक मात्र त्याच शांततेचा अर्थ संमती असा घेतो. साप्ताहिक अहवालात प्रकल्पाची स्थिती हिरव्या, पिवळ्या वा लाल रंगाने दाखवण्याची प्रथा आहे, आणि बाहेरून हिरव्या, आतून लाल अशा प्रकल्पांना या व्यवसायात ‘कलिंगड’ म्हणतात. प्रत्यक्ष काम करणाऱ्याला तारीख हुकणार हे महिनाभर आधी कळलेले असते, पण त्याचा लाल रंग व्यवस्थापनाच्या एकेक पायरीवर फिकट होत जातो आणि ग्राहकाला सत्य कळते ते शेवटच्या आठवड्यात, म्हणजे काहीही करण्याजोगे उरलेले नसताना. तारीख हुकणे बहुतेक ग्राहक सहन करतात. ते आपल्यापासून लपवले गेले, हे सहन करत नाहीत.

हे लपवणे स्वभावदोषातून कमी आणि भीतीतून अधिक येते. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील प्राध्यापक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला तेव्हा चांगल्या गटांत औषधांच्या चुका अधिक नोंदल्या गेल्याचे त्यांना आढळले. याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण असे, की या गटांत चुका अधिक होत नव्हत्या, तर त्या उघडपणे सांगता येत होत्या. चूक, शंका वा अज्ञान कबूल केल्याने अपमान होणार नाही या सामूहिक विश्वासाला त्यांनी मानसिक सुरक्षितता म्हटले, आणि पुढे गूगलने आपल्या सुमारे १८० गटांच्या पाहणीत यशस्वी गटांचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण म्हणून हीच गोष्ट पुढे आणली.

गिटलॅब या कंपनीने ३१ जानेवारी २०१७ रोजी या मानसिक सुरक्षिततेचे व्यवहारातील रूप दाखवले. त्या रात्री एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसमधील माहिती पुसली, सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली, आणि नेहमीचे बॅकअपही तयार होत नव्हते असे उघडकीस आले. ते फसत असल्याची सूचना देणारे ईमेल तांत्रिक कारणाने नाकारले जात होते, त्यामुळे कोणालाही ते कधी दिसले नव्हते. कंपनीने दुरुस्तीच्या काळातील टिपणे लोकांसाठी खुली ठेवली आणि नंतर सविस्तर कारणमीमांसा प्रसिद्ध केली, जिचा रोख त्या अभियंत्यावर नसून व्यवस्थेवर होता. अशी दोषारोपविरहित कारणमीमांसा ग्राहकापुढे ठेवण्याचे धैर्य सल्लागार कंपन्यांना क्वचितच होते, कारण कबुली दिली तर करार जाईल असे त्यांना वाटते; मात्र जिथे कारण सांगितले जात नाही तिथे तीच चूक पुन्हा होते, आणि करार जातो तो त्या दुसऱ्या वेळी.

एकमेकांचा प्रोग्राम तपासण्याची, म्हणजे कोड रिव्ह्यूची, सवय याच विचाराची आहे. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ साली प्रोग्राम ही लिहिणाऱ्याची खासगी मालमत्ता नसून गटाची असते असा आग्रह धरला, आणि १९७६ साली आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी तपासणीची रीतसर पद्धत प्रसिद्ध केली. ‘तुम्ही इथे चुकलात’ असे न लिहिता ‘यादी रिकामी आली तर ही ओळ काय करील?’ असे विचारले, की चर्चा माणसावरून प्रोग्रामवर सरकते.

प्रकल्पाच्या शेवटी ज्ञानाचे हस्तांतरण होते, ज्याला या क्षेत्रात ‘केटी’ म्हणतात, आणि ते बहुधा अखेरच्या आठवड्यातील काही घाईच्या बैठकांत उरकले जाते. प्रत्येक महत्त्वाच्या निर्णयाखाली तो का घेतला, कोणते पर्याय का नाकारले, हे त्याच दिवशी चार ओळींत लिहिले गेले असेल तर केटीला वेगळा खटाटोप करावा लागत नाही. लिहिले गेले नसेल तर कितीही बैठका घेतल्या तरी ते परत मिळत नाही.

या सवयी कनिष्ठ अभियंत्यांना प्रशिक्षणवर्गात शिकवून लागतील अशी अपेक्षा करणे मात्र चूक आहे. शंका कोणाकडे, कोणत्या जागी नोंदवायची हे ठरवण्याचा आणि ती नोंदवणाऱ्याला संरक्षण देण्याचा अधिकार वरिष्ठांकडे असतो. म्हणून पुण्यामुंबईतील प्रकल्प चालवणाऱ्या व्यवस्थापकांनी निदान एवढे करावे: साप्ताहिक बैठकीत सर्वांत कनिष्ठ सदस्याला सर्वांच्या आधी बोलू द्यावे, त्याने मांडलेली शंका त्याच्या नावासह टिकेटमध्ये उतरवावी, आणि वार्षिक मूल्यमापनात ती त्याच्या चांगल्या कामांत धरावी.