विश्लेषण : छोटे विमान धावपट्टीवर टेकल्यानंतरही का भरकटते?

चाके धावपट्टीला टेकली की विमान उतरले, असे प्रवाशाला वाटते. वैमानिकाचा एक अवघड टप्पा मात्र तेथूनच सुरू होतो. या काही सेकंदांत छोटी विमाने कधी कधी दिशा सोडून धावपट्टीबाहेर जातात. असे का होते?

नियंत्रण का सुटते?

विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवण्याचे काम शेपटीवरील रडर करते. त्याची ताकद त्यावरून वाहणाऱ्या हवेवर अवलंबून असते. वेग उतरतो तसे रडर दुबळे होते. त्याच वेळी पंख थोडी उचल देत असल्याने चाकांवर पूर्ण भार नसतो आणि ब्रेकची पकडही कच्ची असते. विमान धड उडत नसते, धड धावत नसते.

आडवा वारा काय करतो?

डावीकडून आलेला वारा उभ्या शेपटीला उजवीकडे ढकलतो आणि नाक डावीकडे वळते. २० नॉटचा वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर आडवा जोर १० नॉट असतो. ९० अंशांवर तो पूर्ण २० नॉट होतो.

शेपटीखालच्या चाकाने काय फरक पडतो?

भारतीय फ्लाइंग क्लबांत एकेकाळी वापरले जाणारे ‘एचएएल पुष्पक’ या बांधणीचे होते. अशा विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना किंचित वळली तरी वळतच जाते, तसेच येथे घडते. हाच ‘ग्राउंड लूप’. त्यात पंखाचे टोक घासते, चाकाचा दांडा मोडू शकतो.

सेसना १७२ सारख्या, नाकाखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्याने ते सरळ राहू पाहते. मात्र जादा वेगात नाक खाली दाबले, तर मुख्य चाके हलकी होतात आणि विमान पुढच्या चाकाभोवती फिरू शकते.

उपाय काय?

टेकण्यापूर्वी नाक मध्यरेषेवर आणि वाऱ्याकडचा पंख किंचित खाली हवा. टेकल्यावरही एलेरॉन वाऱ्याच्या बाजूला वळवलेले ठेवावे लागते आणि वेग घटेल तसे आणखी वळवावे लागते. विमान चालण्याच्या वेगावर येईपर्यंत पाय रडरवरून सैल सोडायचे नसतात. रेषा जुळत नसेल, तर पुन्हा उड्डाण घ्यावे, पण वेळीच. पूर्ण शक्ती देताच बहुतेक एकइंजिनी विमानांचे नाक डावीकडे ओढले जाते. आधीच डावीकडे भरकटलेल्या विमानात उशिरा घेतलेला हा निर्णय संकट वाढवू शकतो.