ताप उतरला, विसर का राहिला?

२०२१मध्ये निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांचा आरटीपीसीआर चाचणीचा कागद तपासला जायचा. कोविडचे ते दिवस सीमाभागात कुणी विसरलेलं नाही. पण त्या आजारातून उठलेल्या काहींना पुढे साध्यासाध्या गोष्टींचा विसर पडू लागला. बंडलाच्या २५ बिड्या मोजताना मधेच आकडा सुटतो, वहीतली बेरीज दोनदा करावी लागते, ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येत नाही. घरचे म्हणतात, "लक्षच नसतं तुझं." हा आळस नव्हे. यामागे शरीरातली कारणं आहेत.

डॉक्टर याला ब्रेन फॉग म्हणतात. हे कसं घडतं? विषाणू आला की शरीराची प्रतिकारशक्ती खवळते. मेंदूतही राखणदार पेशी असतात. माळ्यावरचा राखणदार पाखरं उडून गेल्यावरही गोफण फिरवत राहिला, तर दगड आपल्याच कणसांना लागतात. तसंच इथे होतं. विषाणू ओसरला तरी या पेशी चवताळलेल्याच राहतात आणि आठवणींच्या जोडण्यांना इजा होते. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा झिरपू लागतो. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ शकतात. फुप्फुसं निकामी झाली असतील, तर मेंदूला प्राणवायूही कमी पडतो.

मग धोका कुणाला जास्त? ज्यांना अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं, जे वयस्क आहेत, ज्यांना आधीपासून मधुमेह किंवा रक्तदाब आहे, ज्यांची इतर लक्षणं महिनोन्‌महिने रेंगाळली, त्यांना. इंग्लंडमध्ये सुमारे १ लाख १३ हजार लोकांची स्मरण आणि विचारशक्ती तपासली गेली. २०२४मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत, पूर्ण बरे झालेल्यांमध्ये बुद्ध्यंकाच्या मापाने सुमारे ३ गुणांची घट दिसली, लक्षणं टिकून असलेल्यांत ६, तर अतिदक्षता विभागातून आलेल्यांत ९ गुणांची. ओमायक्रॉनपेक्षा सुरुवातीच्या विषाणूंचा फटका मोठा होता. लशीचे दोन किंवा अधिक डोस घेतलेल्यांची स्थिती थोडी बरी होती.

विसर पडतो म्हणून सगळं खापर कोविडवर फोडू नये. थायरॉईडचा बिघाड, बी-१२ची कमतरता, रक्तातल्या साखरेचा चढउतार, कमी हिमोग्लोबिन, अपुरी झोप, घोरणं, मनावरची उदासी यांनीही असंच होतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासण्या करून घ्याव्यात. कामाचे छोटे तुकडे करावेत, मधे विसावा घ्यावा, लक्षात ठेवायचं ते वहीत टिपावं. अंग मोडेपर्यंत राबल्यावर दुसऱ्या दिवशी त्रास वाढत असेल, तर काम तिथेच कमी करावं. एकाएकी बोबडी वळली, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर मात्र तो ब्रेन फॉग नव्हे. तासाभराचाही उशीर न करता रुग्णालय गाठावं.

बऱ्याच जणांना महिन्यांच्या हिशेबाने हळूहळू फरक पडतो. तोवर बंडल मोजताना आकडा सुटला, तर रागावू नका. शेजारी बसा आणि पुन्हा एकपासून मोजा.