सोडलेला डास परत बोलावता येईल काय?

हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात प्रथम सापडला तो आमच्या हैदराबादेच्या शेजारी, सिकंदराबादेस. २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस यांनी तो सूक्ष्मदर्शकातून पाहिला. तेव्हापासून माणूस डास मारीत आला. आता त्यांचा वंशच खुंटविण्याची विद्या त्याच्या हाती येऊ पाहत आहे.

तिचे नाव ‘जीन ड्राइव्ह’. एरवी मात्यापित्यांपैकी एकाकडील बदललेले जनुक सुमारे निम्म्याच संततीच्या वाट्यास येते. या योजनेत ते जवळजवळ सर्वच संततीत उतरते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील संशोधकांनी २०१८ साली माद्यांना वांझ करणारी अशी योजना पिंजऱ्यातील डासांवर करून पाहिली. सात ते अकरा पिढ्यांत ते डास नामशेष झाले. मोकळ्या निसर्गात मात्र असा डास अद्याप सोडलेला नाही.

मोह मोठा आहे. २०२३ साली जगात सुमारे सहा लाख माणसे हिवतापाने दगावली. त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतील बालके. मच्छरदाण्या, फवारणी, औषधे यांचा खर्च दरसाल नव्याने करावा लागतो. हा डास मात्र आपले काम आपणच वाढवील.

परंतु जे आपोआप पसरते, ते आवरणार कसे? ऑस्ट्रेलियाने १९३५ साली उसावरील भुंगे खाण्यासाठी परदेशी भेक आणले. भुंगे हटले नाहीत. विषारी भेक मात्र दूरवर पसरले. एक डास गेला, तर त्याची जागा दुसरा घेईल काय? त्याला खाणाऱ्या जीवांचे काय होईल? शिवाय डासाला देशाची सीमा ठाऊक नसते. एका देशाने सोडलेल्या डासाने शेजाऱ्याचे नुकसान झाल्यास भरपाई कोणी द्यावी?

विश्वास नसेल तर साधे प्रयोगही टिकत नाहीत. दिल्ली परिसरातील वांझ डासांचा प्रकल्प संशयाच्या वावटळीत १९७५ साली गुंडाळावा लागला. बुर्किना फासोमध्ये जीन ड्राइव्ह नसलेलेच डास सोडले होते. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील सरकारने ते काम थांबविले.

म्हणून आम्हांस वाटते, प्रसार आवरण्याचा उपाय, शेजाऱ्यांची संमती आणि भरपाईची हमी आधी हवी, डास मागाहून. जिच्या मांडीवर तापाने फणफणलेले मूल आहे, त्या मातेला ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार दूर बसलेल्या आपणांस नाही. पण तिला न विचारता तिच्या अंगणात असा डास सोडण्याचा अधिकारही कोणास नाही.