औषधदानाची पहिली पायरी

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीनंतर सणसरला मुक्कामी येते. त्या दिवशी गावात वैद्यकीय पथके असतात, रुग्णवाहिका सज्ज असतात, औषधे मोफत मिळतात. दुसऱ्या दिवशी पालखी पुढे जाते आणि पथकेही जातात. उरलेले वर्षभर गावकऱ्याचा रक्तदाब कोण तपासतो, यावर आरोग्यव्यवस्थेची खरी परीक्षा होते.

शासकीय आरोग्यसेवेची रचना पायऱ्यांची आहे. सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३०,००० लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्यावर ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये. २०१९ मध्ये बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने वरची पायरीही या भागाच्या जवळ आली.

आजार मात्र खालच्या पायरीवरच सुरू होतो. दिवसभर पेढीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याला मधुमेह, रक्तदाब जडतो. दुखत काहीच नाही, म्हणून तपासणी लांबते. पुढे अचानक पक्षाघात होतो किंवा मूत्रपिंडे निकामी होतात आणि पुण्याची वाट धरावी लागते. नोकरदाराला अनेकदा कंपनीच्या विम्याचा आधार असतो. विमा न काढलेल्या दुकानदाराचे भांडवलच बिलात जाते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातील कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. हा मोठाच दिलासा. परंतु ती योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळीसाठी नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दोन तृतीयांश किंवा अधिक निधी प्राथमिक सेवेला द्यावा असे म्हटले. अडचण अशी की, नव्या इमारतीचे उद्घाटन होते. टळलेल्या पक्षाघाताचे होत नाही.

दानाचेही असेच घडते. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांपैकी औषधदान आपल्या समाजाने मनापासून जपले. इस्पितळांच्या खोल्यांवर आपल्या पूर्वजांची नावे आहेत, हे भूषणच आहे. आता थोडे दान पहिल्या पायरीकडे वळावे. आरोग्य केंद्राच्या रुग्ण कल्याण समितीशी संपर्क साधावा, तेथे काय उणे आहे ते विचारावे. आपल्या पेढीवरील दिवाणजी, हमाल, मापाडी यांची वर्षातून एकदा तपासणी करवावी आणि त्या रांगेत मालकानेही उभे राहावे.

तेथे नावाची पाटी लागणार नाही. पण एखादे घर उघड्यावर पडण्यापासून वाचेल.