समीकरणातली मुशी

'थिअरी राहू द्या, प्रत्यक्ष काय ते बोला' हा टोमणा परिसरशास्त्राच्या वाट्याला जरा जास्तच येतो. रानात फिरायचं, पाखरं मोजायची, झाडं ओळखायची. त्यात गणिताचं काय काम?

गैरसमज: भरपूर नोंदी ठेवल्या की निसर्ग आपोआप उलगडतो.

पहिल्या महायुद्धानंतर उंबेर्तो द'आंकोना हा इटालियन प्राणिशास्त्रज्ञ एड्रिअ‍ॅटिक समुद्राकाठच्या मासळीबाजारांतले आकडे तपासत होता. फ्यूमे बंदरात आलेल्या मासळीत मुशी, पाकट अशा शिकारी माशांचा वाटा १९१४ साली ११.९ टक्के होता. १९१८ मध्ये तो ३६.४ टक्क्यांवर गेला आणि १९२३ मध्ये १०.७ वर उतरला. युद्धामुळे मासेमारी थंडावली होती, हे उघडच होतं. पण मग सगळेच मासे वाढायला हवेत. नेमकी मुशीच का वाढावी? आकडे समोर होते, उत्तर नव्हतं.

कोडं गेलं व्हितो व्होल्टेरा या गणितज्ञाकडे. द'आंकोना त्यांचा जावई. १९२६ मध्ये व्होल्टेरांनी जे मांडलं ते अगदी साधं: लहान मासे आपले आपण वाढतात, शिकारी मासे त्यांना खाऊन वाढतात आणि खायला मिळालं नाही की घटतात. यातून निघालेला निष्कर्ष मात्र साधा नाही. जाळं दोघांनाही सारख्याच प्रमाणात ओढत असेल, तर सरासरीत लहान मासे वाढतात आणि शिकारी घटतात! कारण या गणितात लहान माशांची सरासरी संख्या त्यांच्या स्वतःच्या वाढीवर ठरतच नाही; शिकाऱ्याला तगायला किती भक्ष्य लागतं, यावर ठरते. जाळ्यामुळे शिकाऱ्याचं मरण वाढलं की तगण्यासाठी त्याला आणखी भक्ष्य लागतं, आणि तेवढे लहान मासे समुद्रात उरतात. जाळी किनाऱ्यावर वाळत पडली की याच्या उलट. नुसते आकडे चाळून हे सुचलं असतं, असं मला वाटत नाही.

गैरसमज: समीकरण निसर्गाला फार सोपं करतं, म्हणजे ते खोटंच.

सोपं तर करतंच. व्होल्टेरांच्या समुद्रात वादळ नाही, रोग नाही, आणि मुशीचं पोट कधी भरत नाही. शिवाय बाजारातली टक्केवारी म्हणजे काही समुद्रातली गणती नव्हे. हे सगळं मान्य. तरी हा निष्कर्ष समुद्राबाहेरही उपयोगी पडला. कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-लिंबांच्या बागांवर पडलेली पांढरी खवले कीड १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या ढालकिड्यांनी आटोक्यात आणली होती. १९४०च्या दशकात बागांत डीडीटी आलं, ढालकिडे मेले आणि कीड पुन्हा उफाळली. डीडीटीचा मार ढालकिड्यांनाच जास्त बसला, हे खरं. पण समीकरण सांगतं की मार सारखा बसता तरी पारडं किडीकडेच झुकलं असतं. भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांचंही तसंच: फवारणीत कोळी आणि इतर मित्रकीटक मरतात, मग तुडतुड्यांना रान मोकळं. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावर ५७ कीटकनाशकांना बंदी घातली ती यामुळेच. आपल्याकडे धानाच्या बांधावर 'फवारलं तरी वाढलंच' असं ऐकू आलं, तर दरवेळी औषध बनावट असेलच असं नाही.

गैरसमज: जितक्या प्रजाती जास्त, तितकी परिसंस्था भक्कम; यात सिद्ध काय करायचं?

१९७२ मध्ये परिसरशास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांनी हेच गणितात तपासलं. प्रजाती आणि त्यांच्यातले संबंध कसेही, चिठ्ठ्या टाकल्यासारखे जोडले, तर संख्या वाढेल तशी व्यवस्था डळमळीत होते, असं निघालं. म्हणजे वर्षावन कोसळायला आलंय असं नव्हे. ते टिकण्याचं कारण नुसत्या संख्येत नाही. मग कोण कोणाला खातं, किती जोरात खातं, याची वीण अभ्यासक बारकाईने बघू लागले.

राहता राहिला तो समज: गणितवाल्यांचे पाय चिखलात जात नाहीत. माधव गाडगीळ यांनी १९६९ मध्ये हार्वर्डमधून डॉक्टरेट मिळवली ती गणिती परिसरशास्त्रात. १९७१ मध्ये ते पुण्याला परतले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. डी. वर्तक यांच्याबरोबर सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळू लागले.